अठरा वर्षांचा आजचा शब्द

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. नाव फळा असलं तरी माझ्या अंगात लाकडाची एक ढलपीसुद्धा नाही. मी अठरा गेजचा पोलादी पत्रा आहे, चार फूट बाय तीन फूट. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका मोठ्या गुंडाळीच्या शेवटी जो तुकडा उरला, तो मी. कापताना क्रेनचा आकडा लागला आणि माझ्या डाव्या कोपऱ्यात पोचा आला, तो आजही आहे. उरलेल्या तुकड्याला त्या बाजारात कोणी विचारत नाही. दोन पावसाळे मी एका गाळ्याच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्यावर एक मांजर पाठ घासत असे. तेवढाच काय तो माझा उपयोग.

तिसऱ्या वर्षी महमूदसर आले. सर मूळचे पनवेलचेच. बावीस वर्षं मस्कतला एका कंपनीत स्टोअरकीपर होते. तिथे त्यांनी आपल्याकडची पोरं पाहिली, वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, हाताने सोन्यासारखं काम करणारी, पण साहेब समोर आला की जीभ टाळूला चिकटायची. परत आल्यावर सरांनी भावाच्या, म्हणजे अबरारभाईंच्या भांड्यांच्या दुकानावरची खोली मागून घेतली आणि तिथे इंग्रजीचा वर्ग सुरू करायचं ठरवलं. वर्गाला फळा हवा. लाकडी फळा महाग पडत होता आणि मी रद्दीच्या भावात मिळत होतो. असा मी शिक्षण क्षेत्रात आलो.

मला रंगवलं अवधूत पेंटरने. त्याचं सगळं आयुष्य ट्रक रंगवण्यात गेलेलं. सरांनी त्याला कागदावर लिहून दिलं: वर मराठीत ‘आजचा शब्द’ आणि खाली नमुना म्हणून इंग्रजीत ‘टेक’. सरांच्या मनात होतं, वरचं शीर्षक तेवढं पक्क्या रंगात करावं, खालचा शब्द रोज खडूने बदलायचा. अवधूतने आधी मला काळाकुळकुळीत केलं आणि मग कागदावरचं सगळंच्या सगळं ऑइलपेंटने उतरवलं. शीर्षक वर, आणि बरोब्बर मधोमध चार मोठी इंग्रजी अक्षरं, पांढरी, पिवळ्या किनारीची, मागे लाल सावली दिलेली. ट्रकच्या मागे हॉर्न वाजवायला सांगतात ना, त्याच थाटात.

सर कपाळाला हात लावून उभे राहिले. म्हणाले, बाबा, तो नमुना होता. अवधूतने शांतपणे ब्रश पुसला.

“तुमीच लिवून दिला ना सर,” तो म्हणाला. “कागदावर जे हाय ते लिवायचा, आपला डोका नाय लावायचा. मी चाळीस वर्सांत कोनाला विचारला नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला वर्ग सुरू व्हायचा होता. अकरा जणांना निरोप गेले होते. खरवडून पुन्हा रंग द्यायला वेळ नव्हता. “खैर, राहू दे,” सर म्हणाले, आणि त्या दिवसापासून आजतागायत, म्हणजे अठरा वर्षं, आमचा आजचा शब्द एकच आहे.

पहिला आठवडा मला फार ओशाळवाणं वाटलं. इतर फळ्यांवर रोज नवं काही येतं आणि मी आपला जन्मखूण घेऊन मिरवतो आहे. पण झालं काय, सरांनी त्या शब्दाभोवतीच शिकवायला घेतलं, आणि तो शब्द संपेचना. पोरांना वाटलं होतं, टेक म्हणजे घेणे, झालं, पुढे चला. पण इंग्रज बसायलाही ‘टेक अ सीट’ म्हणतो. अंघोळ आपण करतो, तो घेतो. फोटो आपण काढतो, तो घेतो. बस आपण पकडतो, ताप बघतो, फेरी मारतो, धीर धरतो, शपथ तेवढी घेतो, आणि त्याला या सगळ्याला एकच शब्द पुरतो. एक मुलगी म्हणाली, आपल्याकडे विद्यार्थी परीक्षा देतो आणि मास्तर घेतो, इंग्रजीत विद्यार्थीच कसा घेतो? सर त्यावर तासभर हसत-हसवत बोलले. मी तेव्हापासून ओशाळणं सोडून दिलं.

हळूहळू वर्गाचा एक रिवाजच पडला. नोकरी लागून जाणाऱ्याने जाताना मिठाई आणायची नाही, माझ्यावर एक नवा अर्थ लिहून जायचं. तोही पुस्तकातला नाही, स्वतःच्या कामात भेटलेला. बाळू शिंप्याने दिला तो शिवण आत घेण्याचा. सुशांत नावाचा मुलगा विमानतळावर सामान चढवायला लागला, त्याने विमान उडण्याचा आणला. कोणी रजेचा आणला, कोणी बाजू घेण्याचा. सर तो एका निळ्या वहीत उतरवून घेत आणि नवीन तुकडी आली की मला पुसत. मधला शब्द अर्थातच पुसला जात नसे. वहीत सेहेचाळीस अर्थ झाले. दोहा, कुवेत, सलाला इथून सरांना फोन येत आणि पोरं आधी माझी खुशाली विचारत. मी फुगत असे, खोटं कशाला सांगू.

पण दिवस सारखे नसतात. पोरं मोबाइलवर शिकू लागली. चौकातल्या नव्या वर्गात भिंतीएवढा टीव्ही आला. आमच्या खोलीत अकराचे सात झाले, साताचे चार झाले. माझ्या पोच्याच्या बाजूने गंज चढू लागला. अबरारभाई एकदा भंगारवाल्याशी माझ्याकडे बोट दाखवून बोललेसुद्धा. मी मनाला लावून घेतलं नाही. तोही या शब्दाचाच एक अर्थ, वहीत बावीस नंबरचा.

अशात गेल्या वर्षी ऑक्टोबरात शशिकलाताई जिना चढून आल्या.

या बाई रोडपालीला राहतात, वय एकोणसाठ. लोखंड बाजारातल्या ऑफिसांना पंचवीस वर्षं डबे पुरवतात. त्यांच्या हातची भाजी खाल्ली की माणूस दुसरीकडचा डबा लावत नाही. त्या धापा टाकत बसल्या आणि सरांना म्हणाल्या, मला गल्फला जायचं नाही, मला नातीशी बोलायचंय. त्यांची मुलगी कादंबरी डब्लिनला असते. जावई तमिळ, त्यामुळे घरात सगळा कारभार इंग्रजीत. नात आभा, वय वर्षं सात, फोनवर “हाय आजी” म्हणते आणि पळून जाते, कारण त्यापुढे दोघींपाशी शब्दच नसतात. डिसेंबरात ती आईबरोबर तीन आठवडे येणार होती. त्यापूर्वी एकदाच आली होती, तेव्हा ती पाळण्यात होती.

“सर, या तीन आठवड्यांत ती माझ्याकडे आली तर आली,” शशिकलाताई म्हणाल्या. “नाहीतर पुढच्या खेपेला ती मोठी झालेली असेल, आणि मी फोटोतली आजी.”

सरांनी सरळ सांगितलं, ताई, दोन महिन्यांत भाषा येत नाही, मी खोटं बोलून फी घेणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पण हा एक शब्द येईल. हा नीट आला तर पोरीचा सकाळपासून झोपेपर्यंतचा दिवस निभावतो.

आणि खरंच, मित्रांनो, बाई हुशार. डबे पोचवून दुपारी तीनला येत. बूट काढ, दूध घे, अंघोळ कर, इथे बस, माझा हात धर, जरा आराम कर, सगळं त्या एका शब्दात. उच्चार आमच्या खानावळीतला, पण अर्थ चोख. डिसेंबर आला तेव्हा सरांच्या मुलीचं, नशराचं, बाळंतपण होतं, उरणला. सर आणि त्यांच्या पत्नी हाजराभाभी तीन आठवडे तिकडे जाणार, वर्ग बंद. शशिकलाताईंनी विचारलं, फळा तेवढा माझ्याकडे ठेवू का, नजरेसमोर असला म्हणजे विसरायला होणार नाही. सर म्हणाले, ताई, फळा म्हणजे काय शेजारणीला द्यायची कढई आहे? आणि लगेच टेम्पोही त्यांनीच बोलावला.

असा मी रोडपालीच्या दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या दारासमोर उभा राहिलो. शशिकलाताईंनी माझ्यावर सगळ्या दिवसाचं वेळापत्रक मराठी अक्षरांत लिहून काढलं. गिरवून गिरवून लिहिलं होतं.

पहिले तीन दिवस सुरळीत गेले. आभा दोन वेण्यांची, बारीक, फार शहाणी मुलगी. आजी म्हणाली बाथ, तिने बाथ घेतला. आजी म्हणाली रेस्ट, ती डोळे मिटून पडली. शशिकलाताई माझ्याजवळ येऊन खडूने एकेका ओळीसमोर बरोबरची खूण करत. त्यांना वाटलं, जमलं. मला मात्र काहीतरी खटकत होतं. पोर सांगितलेलं सगळं करत होती, पण आपणहून काही करत नव्हती. पाहुणे वागतात तशी वागत होती.

चौथ्या दिवशी घावन होते, नारळाच्या गोड रसातले. आता शशिकलाताईंचा तवा तापलेला आणि समोर स्वतःची नात, मग आग्रहाला काय तोटा. “टेक,” एक घावन. “टेक, टेक,” दुसरा. “वन टेक, आजी हॅपी.” आपल्याकडे असं वाढलं की माणूस ताटावर आडवा हात धरतो, नको नको म्हणतो, तरी एक पडतंच, आणि दोघंही खूष असतात. तो खेळ दोन्हीकडून माहीत असावा लागतो. आभाला तो माहीत नव्हता. मोठ्यांनी दिलेलं पानात टाकायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं. तिने मुकाट्याने सात घावन खाल्ले आणि आठव्याला तिथेच, माझ्यासमोर, सगळं ओकली. मग रडली, आणि आईच्या पोटात तोंड खुपसून म्हणाली की मला घरी जायचंय. तेवढं इंग्रजी शशिकलाताईंना समजलं.

कादंबरी घाबरली होती, तोडून बोलली.

“आई, तुझं हे टेक-टेक बंद कर आधी. ती नाही म्हणत नाही म्हणजे तिला हवं असतं असं नाही.”

शशिकलाताईंनी फरशी पुसली, तवा उतरवला. मग फडकं भिजवून माझ्याकडे आल्या आणि वेळापत्रकाच्या सगळ्या ओळी, खुणांसकट, वरून खालपर्यंत पुसून टाकल्या. खडू कोरड्या डस्टरने पुसला तर मागे अंधुक राहतो. ओल्या फडक्याने काही राहत नाही. मधली चार अक्षरं पुसली जाईनात, तिथे त्यांचा हात दोनदा फिरला आणि थांबला. मला फार वाईट वाटलं. शब्द चुकीचा नव्हता, बाईंची माया चुकीची नव्हती, आणि तरीही असं व्हावं.

पुढचे दोन दिवस घरात सगळे एकमेकांशी जपून वागत होते. शशिकलाताई आभासमोर यायच्याच नाहीत. डब्यांचं काम काढून बसायच्या. पोरगी हॉलमधून हळूच स्वयंपाकघराकडे बघायची आणि आजीने पाहिलं की मान वळवायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी कादंबरी बँकेच्या कामाला पनवेलला गेली. शशिकलाताई दाराशी बसून मटार सोलत होत्या. आभा आली ती सरळ माझ्यासमोर. तिने बोटाने माझी पिवळी किनार गिरवली, पोच्यावरून हात फिरवला, मग खाली पडलेला खडू उचलून माझ्या उजव्या अंगाला दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा मारल्या. एका चौकटीत फुली काढली. वळली, आणि खडू आजीसमोर धरला.

“टेक टर्न्स, आजी.”

शशिकलाताईंना त्या दोन शब्दांतला पहिलाच कळला. मग आभाने समजावलं. बोट स्वतःच्या छातीवर, मग आजीकडे, मग पुन्हा स्वतःकडे, पुन्हा आजीकडे. मी, तू, मी, तू. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. लोखंड बाजारात पंचवीस वर्षं डबे देणाऱ्या त्या, त्यांना फुली-गोळा काय माहीत नव्हता? मटाराचे हात पदराला पुसले आणि गोळा काढला. हरल्या. पुन्हा हरल्या. तिसऱ्यांदा हरल्या तेव्हा आभा खदखदून हसली. आल्यापासून त्या घरात तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसानंतर त्या घरात सगळंच आळीपाळीने होऊ लागलं. मटार एक आजीने सोलायचा, एक नातीने. गोष्ट एक वाक्य इकडून, एक तिकडून, दोघींना एकमेकींचं अर्धं कळायचं आणि उरलेलं त्या हाताने सांगायच्या. आणि आठवडाभराने पुन्हा घावन झाले. शशिकलाताईंनी आभाच्या पानात एक घावन वाढला आणि उलथनं खाली ठेवलं. जन्मभर लागलेली सवय, हात वळवळत होता, पण एका हाताने दुसरा धरून त्या पोरीसमोर बसून राहिल्या. आता पोरीचा डाव होता. आभाने सावकाश खाल्लं. रस चाटला. ताट उचलून पुढे केलं.

“आजी, अजून,” ती म्हणाली.

मित्रांनो, हे अक्षर न अक्षर मराठी होतं आणि कोणी शिकवलेलं नव्हतं. शशिकलाताई घावन घालायला तव्याकडे वळल्या आणि बराच वेळ पाठ करूनच उभ्या राहिल्या. कादंबरीने ते पाहिलं. ती उठून आईच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, मी त्या दिवशी जास्तच बोलले. आई म्हणाली, तुलाही वाढू का? कादंबरी म्हणाली, एकच वाढ, मग थांब.

जायच्या दिवशी दुपारी गाडी खाली उभी होती. सामान गेलं, आणि आभाने शेवटचा डाव मांडला. फुली, गोळा, फुली, गोळा. आठ घरं भरली. उरलं ते खालचं उजव्या कोपऱ्यातलं एकच, आणि तिथे फुली पडली की तिरपी ओळ पुरी होऊन आभा जिंकणार होती. आजीने ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं, आणि त्या चलाख पोरीने तर आधीच पाहिलं होतं. तिने खडू उचलला. मग खालून हॉर्न वाजला. ती चौकटीकडे बघत राहिली आणि खडू आजीच्या मुठीत ठेवून दिला.

“नेक्स्ट टाइम,” ती म्हणाली. “आभाचा डाव.”

मग आजीच्या कमरेला मिठी मारली ती कादंबरीला हाताने सोडवावी लागली.

जानेवारीत सर मला न्यायला आले. नवी तुकडी सुरू व्हायची होती, पाच जणांनी नाव घातलं होतं. सरांनी सवयीने डस्टर काढलं. शशिकलाताईंनी माझ्यावर आडवा हात धरला, ताटावर धरतात तसा.

“सर, हा डाव चालू आहे,” त्या म्हणाल्या.

सरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. मग निळी वही काढली आणि म्हणाले, ताई, रिवाज माहीत आहे ना, तुमचा अर्थ बाकी आहे. शशिकलाताई म्हणाल्या, माझा नाही, आभाचा आहे: आळीपाळीने करणे. सरांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. सेहेचाळीस अर्थांत तो नव्हता. अठरा वर्षांत एवढी मोठी माणसं येऊन गेली आणि आळीपाळी कोणालाच भेटली नव्हती. सर स्वतःशीच हसले आणि सत्तेचाळिसावी ओळ लिहिली.

खडू काही वर्षभर टिकत नाही. म्हणून अवधूत पेंटरला बोलावलं. तो आता सत्तरीचा, हात थोडा थरथरतो, पण त्याने सगळं जसंच्या तसं ऑइलपेंटने उतरवलं. आभाच्या वाकड्या रेघा वाकड्याच ठेवल्या. एक गोळा नीट जुळला नव्हता, तो तसाच उघडा ठेवला. चार फुल्या झाल्या, चार गोळे झाले. शेवटच्या चौकटीपाशी त्याचा ब्रश थांबला, आणि अख्ख्या आयुष्यात जे त्याने केलं नाही ते केलं. मागे वळून विचारलं.

“ताई, ह्या एक घर रिकामा हाय. भरू का?”

“नको,” शशिकलाताई म्हणाल्या.

म्हणून ते घर अजून काळं आहे. मी पुन्हा अबरारभाईंच्या दुकानावरच्या खोलीत आहे. गंजाच्या जागी सरांनी लाल रंगाचा हात मारला आहे आणि भंगारवाला आला की अबरारभाईच त्याला परस्पर वाटेला लावतात. शशिकलाताई डबे पोचवून अजून दुपारी येतात. आता त्यांना दुसरा शब्दही शिकायचा आहे. सर म्हणतात, त्यासाठी दुसरा पत्रा आणावा लागेल.

मित्रांनो, कधी पनवेलला आलात तर मला भेटायला जरूर या. माझ्यावर लिहा, पुसा, रेघोट्या मारा, त्यानेच माझं आयुष्य वाढतं. फक्त उजव्या अंगाच्या खालच्या कोपऱ्यात एक रिकामी चौकट दिसेल. हातात खडू असला की तिथे फुली मारायचा मोह प्रत्येकाला होतो. परवा एका नव्या मुलाचा हात तिथवर गेला होता, बाकीच्या चौघांनी तो वरच्या वर धरला. तुम्हीही हात आवरा. डाव आभाचा आहे, आणि डिसेंबर काही फार लांब नाही.